तायडे साहेबांची दुपारची चाचणी

तायडे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडलेले होते. वाळूजच्या कारखान्यातला तो माझा पहिला दिवस. पांढरा कोट घातलेला पन्नाशी ओलांडलेला एक माणूस ठोकळ्यांवर ठेवलेल्या लोखंडी तबकडीखाली डोकं घालून निश्चल पडलाय, हे बघून मला वाटलं, यांना चक्करच आली. मी वाकून "अहो" म्हणाले, तर खालून शांत आवाज आला, "ताई, उजेड अडवू नका." मी बाजूला झाले. पाच मिनिटांनी ते बाहेर आले. हातात टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. कोट झटकत म्हणाले, "वरून सगळंच चांगलं दिसतं. खालून बघायला कुणी येत नाय, म्हणून मी जातो."

प्रल्हाद तायडे आमच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. मूळचे सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. आयटीआय करायला शहरात आले ते उस्मानपुऱ्यातच राहिले. आमचे मालक निखिल सर, त्यांच्या वडिलांच्या काळात आमच्याकडे दुचाकीचे सुटे भाग बनत, तेव्हापासून ते तिथे होते. पुढे निखिल सरांनी कारखाना हातात घेतला आणि उखळी तोफा बनवायचा परवाना मिळवला. दोघातिघांनी उचलून न्यायची, जमिनीवरच्या लोखंडी तबकडीवर टेकवून गोळा वर उडवायची ती लहान तोफ. माझ्याकडे निर्यातीचं काम होतं. परदेशी पत्रव्यवहार, सरकारी परवानग्या, आणि पाहुणे आले की दुभाषीपणा. तायडे साहेब इंग्रजी ड्रॉइंग सरसर वाचत, पण बोलायची वेळ आली की माझ्याकडे बघत.

आम्ही दोघंही क्रांती चौकातून कंपनीच्या बसमध्ये चढायचो. ते नेहमी तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसत आणि बहुतेक वेळ गप्प असत. बोलले की मात्र लक्षात राहील असं बोलत. दुचाकीचे भाग तपासणं आणि तोफ तपासणं यात फरक काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गाडी बंद पडली तर माणूस शिव्या देत खाली उतरतो. ह्याच्यात माणसाला उतरायला जागा नाय."

दुसरा एक प्रश्न मी बरेच दिवस मनात ठेवला होता. एका सकाळी विचारून टाकला. "साहेब, हे सामान शेवटी कुणावर तरी पडणारच ना?"

नगर नाका येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो हाय, ताई. रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहतो. हे त्यानं मला तुमच्या आधीच विचारलंय." पुढे म्हणाले, "लढाई थांबवणं माझ्या हातात नाय. पण जिथं पाडायचा ठरवला तिथंच गोळा पडावा, शेजारच्या घरावर पडू नये, एवढं माझ्या हातात हाय. तेवढं मी सोडणार नाय." हे उत्तर त्यांना स्वतःला पुरत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी पुरत नव्हतं.

तोफ बनवणं जितकं अवघड, त्याहून ती परदेशात विकणं अवघड, हे मला त्या नोकरीत कळलं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारी, तुमचं स्वतःचं सैन्य ही वापरतं का? आपल्याकडे चाचण्या चालू होत्या, वर्षानुवर्षं चालू होत्या, पण खरेदी झाली नव्हती. हे सांगितलं की समोरचा नम्रपणे हसून कागद मिटवी. तायडे साहेब म्हणत, "ज्या विहिरीचं पाणी घरचे पीत नाहीत, ते पाहुण्याला कसं द्यायचं? पाहुणा काय येडा हाय का?"

शेवटी समुद्रापलीकडचा एक छोटा, वाळवंटी देश तयार झाला. त्यांचा एक कर्नल येऊन तोफ बघून गेला, त्याला ती आवडली. तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. तोफेचा नेम धरायला तिच्यावर छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र बसवतात. कारखान्यात सगळे त्याला साइट म्हणत. आमच्या साइटमधली काच युरोपातल्या एका देशातून येई. त्या देशाने कळवलं, आमची काच तुम्ही कुणाला देणार ते आधी सांगा. आम्ही सांगितलं. मग अनेक आठवडे काही उत्तरच नाही, आणि अखेर दोन ओळींचा नकार आला. ते पत्र मीच निखिल सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि डोळे मिटून बसून राहिले. तायडे साहेब दारात उभे होते. म्हणाले, "घर आपलं, पण किल्ली शेजाऱ्याकडं."

मग साइट इथेच बनवायची ठरली. काच देशी, ती धरून ठेवणारं धातूचं कडं आमचं. तीन महिन्यांत ती तयारही झाली. सकाळच्या चाचण्यांत उत्तम उतरली. निखिल सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. कर्नल माल पसंत करायला पुन्हा येणार होता, त्याची सही झाली की ऑर्डर पक्की. जोडणीच्या कामावर कंत्राटी माणसं घेतली होती, त्यांना कायम करू असं सरांनी तोंडी सांगितलं होतं.

मे महिना होता. तायडे साहेबांनी एक साइट उचलली आणि भर दुपारी कँटीनच्या पत्र्यावर स्टँड लावून समोरच्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर रोखून ठेवली. टाकीवरच्या एका खुणेवर सकाळी तिचा नेम बरोबर बसत होता. दुपारी दोनला ते शिडी चढून बघायचे तेव्हा तो खुणेवरून सरकलेला असायचा. संध्याकाळी परत जागेवर. तीन दिवस त्यांनी हेच केलं. चौथ्या दिवशी ते निखिल सरांकडे गेले. मी तिथेच होते.

"कडं तापतं, फुगतं, आणि काच सरकते," ते म्हणाले. "कर्नल साहेबांना सांगावं लागल."

"सांगू नका असं मी म्हणत नाही," सर म्हणाले. "आत्ता सांगू नका, असं म्हणतोय. माल रवाना व्हायला चार महिने आहेत. तोवर तुम्ही सुधारणार आहातच ना?"

"सुधारलं तर."

"तायडे, हा माणूस एकदा परत गेला तर पुन्हा येणार नाही. सात वर्षं मी या एका सहीसाठी घालवलीत."

एरवी सर त्यांना तायडेसाहेब म्हणत. नुसतं तायडे म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांची झोप उडालेली होती, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

कर्नल आला. सकाळी नेमाच्या सगळ्या चाचण्या झाल्या, एकही चुकली नाही. मग आम्ही मीटिंगच्या खोलीत बसलो. एका बाजूला कर्नल आणि त्याचा तरुण अधिकारी, दुसऱ्या बाजूला निखिल सर, मी आणि टोकाला तायडे साहेब. सहीचे कागद माझ्यासमोर होते. कर्नलने पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थांबला. इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही सगळं सकाळी दाखवलंत. आमच्याकडे सकाळ फार लहान असते. दुपारी काय होतं?"

सर म्हणाले, "सर्व हवामानांसाठीच बनवली आहे."

कर्नलने मान हलवली, पण त्याची नजर टोकाला गेली. "तपासणी या गृहस्थांनी केली ना? मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

मी तायडे साहेबांना प्रश्न मराठीत सांगितला. ते उभे राहिले. बसून बोललं तरी चाललं असतं, पण ते उभे राहिले. "ताई, सांगा त्यांना. सकाळी साइट बरोबर हाय. ऊन चढलं की काच सरकते. केसभरच सरकते, पण तिकडं गोळा एक रान सोडून दुसऱ्या रानात पडल. मी तीन दिवस बघितलंय. अजून सुधारलेलं नाय."

निखिल सरांना मराठी कळत होतंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं ते आजही नीट सांगता येत नाही. माझं नुकतंच घेतलेलं घर आलं, बाहेर कामावर असलेली माणसं आली, सरांची सात वर्षं आली. मी कर्नलकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, जास्त तापमानात मायनर ॲडजस्टमेंट करावी लागेल."

कर्नलने पेन कागदाकडे नेलं.

"नो," तायडे साहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "सर, नो मायनर. क्रिटिकल."

मी विसरले होते. तपासणीच्या कागदावर दोषाचे तीन प्रकार असतात, मायनर, मेजर आणि क्रिटिकल. हे तीन इंग्रजी शब्द तो माणूस तीस वर्षं रोज लिहीत होता. त्यांनी हाताने दाखवलं, डोक्यावर सूर्य, मग साइट, मग बोट थोडं बाजूला. कर्नलने पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. कागद तसेच राहिले. तासाभरात पाहुणे विमानतळाकडे निघाले.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. ते काहीतरी बोलतील, रागावतील, अशी माझी तयारी होती. पंढरपूर फाटा गेला, नगर नाका गेला. शेवटी मीच म्हणाले, "साहेब, मी चुकले."

"तुम्ही तुमची नोकरी सांभाळली, ताई," ते म्हणाले. "मीबी माझी सांभाळली. आपल्या नोकऱ्या येगळ्या हायेत." त्यात टोमणा नव्हता.

दोन आठवड्यांनी जोडणीची कंत्राटी माणसं कमी केली. त्यात मंगल नावाची एक बाई होती, तिचे हात फार साफ होते. तायडे साहेब तिचं काम पुन्हा तपासत नसत, एवढा विश्वास. ती गेटवर त्यांची वाट बघत थांबली. आम्ही बसकडे चाललो होतो. ती म्हणाली, "साहेब, तुमचं खरं राहिलं. आमची हजेरी गेली."

"व्हय, बाई," तायडे साहेब म्हणाले. मंगल गेली. ते बसमध्ये चढले आणि क्रांती चौक आला तरी उठले नाहीत. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा उतरले.

त्यांना कामावरून काढलं नाही. काढायचं जे कारण होतं ते कागदावर लिहिता आलं नसतं. पण निखिल सर त्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि सर बोलत नाहीत म्हटल्यावर बाकीचेही हळूहळू टाळू लागले. बसमधली त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. खरं सांगायचं तर काही दिवस मीही मागे जाऊन बसले.

तायडे साहेब मात्र साइटच्या मागे लागले होते. गोंद बदलून पाहिला, कड्याचा धातू बदलून पाहिला. काच कधी सरकायची, कधी तडकायची. लष्करी सामान म्हणून साइट कारखान्याबाहेर नेता येत नव्हती. म्हणून एका शनिवारी त्यांनी साधी काच आणि तसलंच एक रिकामं पितळी कडं खिशात घातलं आणि शहागंजकडे कदीरभाई म्हणून एक म्हातारे चष्मेवाले होते त्यांच्याकडे गेले. मला त्यांनी बरोबर नेलं, का ते सांगितलं नाही. कदीरभाईंनी जन्मभर काचा बसवल्या होत्या. त्यांनी कडं बोटात फिरवलं, काच उजेडात धरली आणि म्हणाले, "इत्ता कसके काय कू पकडे, साहब? गरमी में उसकू बी जगा होना. जगा नै दिये तो भागतीच."

परत येताना तायडे साहेब पहिल्यांदाच हसले. "शिकलेल्या माणसांनी लिहिलेली पानं वाचून डोळे गेले. म्हातारं एका वाक्यात सांगून मोकळं."

काच आणि कड्याच्या मध्ये मऊ पट्टी बसवायची, म्हणजे कडं फुगलं तरी काच जागची हलत नाही, एवढंच ते होतं. पण ती पट्टी कसली, किती जाड, यात पुढचं सगळं वर्ष गेलं. दुसऱ्या मे महिन्यात पत्र्यावरची साइट लागोपाठ दोन आठवडे दुपारी दोनला खुणेवरून हलली नाही. निखिल सर स्वतः शिडी चढून बघायला आले. खाली उतरल्यावर त्यांनी तायडे साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच आत निघून गेले.

मी कर्नलला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, आमची गरज थांबणारी नव्हती, आम्ही दुसऱ्या देशाकडून तोफा घेतल्या आहेत. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती, तरीही दोन नग आमच्या उन्हाळ्यात, आमच्या मैदानावर दाखवायची तयारी असेल तर या. खाली लिहिलं होतं, तपासणीच्या त्या गृहस्थांना घेऊन या.

तायडे साहेबांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी पासपोर्ट काढला. फोटोत ते इतके ताठ बसले होते की पोलीस चौकशीला आलेला शिपाई म्हणाला, तुम्ही लष्करात होता का. व्हिसासाठी पासपोर्ट माझ्याकडे दिला, आणि बरोबर एका वहीची चार पानं दिली. वर मराठीत लिहिलं होतं, काय बिघडू शकतं. "हे इंग्रजीत करून ठेवा," म्हणाले. "पूर्ण करा." पूर्ण या शब्दावर ते जरा थांबले, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

निघायला तीन आठवडे होते. रविवारी सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

ठरल्या दिवशी मी कर्नलच्या देशात गेले. निखिल सर आणि मी. त्या मैदानावर सावली म्हणून नव्हती. दुपारी बारापासून तोफा उन्हात ठेवल्या होत्या, बूट तापून पाय भाजत होते. लांब चुन्याने एक मोठं वर्तुळ आखलं होतं. कर्नलने आम्हा दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "ते कुठे आहेत?"

मी सांगितलं. त्याने तोफेकडे नजर वळवली. मग म्हणाला, "मग हिच्यात काय बिघडतं, ते मला कोण सांगणार?"

निखिल सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी पिशवीतून चार पानं काढली आणि वाचायला लागले. पहिल्या दोषापासून शेवटच्यापर्यंत, एकही शब्द न गाळता. शेवटचा असा होता की तापलेली साइट एकदम गार झाली, पाणी पडलं किंवा ओल्या कापडाने पुसली, तर नेम उजवीकडे सरकतो आणि तासभर परत येत नाही. यावर उपाय सापडलेला नाही. दोष क्रिटिकल.

दहा गोळे उडवले. दरवेळी धूर विरेपर्यंत सगळे वर्तुळाकडे बघत. दहाही वर्तुळात पडले. निखिल सरांनी माझा दंड घट्ट धरला होता, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मग कर्नलने पाण्याचा कॅन मागवला आणि स्वतःच्या हाताने साइटवर ओतला. वाफ निघाली. अकरावा गोळा उडाला आणि वर्तुळाच्या उजवीकडे, बराच बाहेर पडला.

कर्नलने माझ्या हातातली पानं मागून घेतली. मराठी पान आणि माझं इंग्रजी पान शेजारी शेजारी धरून बघत राहिला. "त्यांनी लिहिलंय तसंच," म्हणाला. "आम्ही ज्यांच्याकडून घेतल्या त्यांनी असं एक पानसुद्धा दिलं नाही. सगळं आम्हाला वापरताना कळतंय." त्याने पुढे काय कळलं ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ऑर्डर आली ती हिवाळ्यात, आधी ठरली होती त्याच्या निम्म्याहून कमी, आणि तो शेवटचा दोष काढल्याशिवाय माल घेणार नाही या अटीवर. तो काढायला आणखी पाच महिने लागले. जोडणीवर काही जुनी माणसं परत आली. मंगलला निरोप पाठवला होता, पण ती तोवर नवऱ्याबरोबर पुण्याला निघून गेली होती.

त्या मैदानावरून परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी उस्मानपुऱ्यात तायडे साहेबांच्या घरी गेले. त्यांचा पासपोर्ट व्हिसाच्या फायलीत माझ्याकडेच राहिला होता, तो द्यायचा होता. सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, तो हातात घेतला, उघडला, फोटो बघितला, आणि मांडीवर ठेवून विचारलं, "कसं झालं तिकडं?"

"चांगलं झालं, ताई. दुपारच्या उन्हात घेतली चाचणी. अकरा गोळे उडवले."

"पडले का जागेवर?"

"पडले. एक सोडून. तोही का बाहेर जाईल ते साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं. सगळ्यांनी त्यांचं नाव काढलं."

त्या ऐकत होत्या. पदराने त्यांनी पासपोर्टवरची नसलेली धूळ पुसली.

"एक बाहेर गेला," त्या म्हणाल्या. "मग ते त्या दिवशी जेवले नसते."